समोरचा दात

आमच्या काकूने पस्तीस वर्षं माणसांचे दात बनवले, आणि ज्यांच्यासाठी बनवले त्यांतली शंभर माणसंसुद्धा तिने डोळ्यांनी पाहिली नसतील. तिच्याकडे माणूस यायचा तो प्लास्टरचा, जबड्यापुरता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी असायची: वरची उजवी दाढ, रंग अमुक, शुक्रवारपर्यंत हवी. तिच्या कामाच्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर जबडेच जबडे. इमारतीतली पोरं तिला जबडेकाकू म्हणत. मी तिची पुतणी. शिकायला म्हणून दोन वर्षांसाठी तिच्याकडे राहायला आले ती नोकरी लागली तरी तिथेच राहिले. सकाळचा चहा शेपन्नास अनोळखी लोकांच्या बत्तिशीसमोर प्यायचा, हे मला कधीच आवडलं नाही. तसं मी बोलूनही दाखवायचे, कारण मनात ठेवणं मला जमत नाही.

काकू कामाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. "समोरचं कुठे आहे?"

म्हणजे वरची दाढ करायची असेल तर खालचा जबडा तिला आधी हवा. काही दवाखाने घाईत एकच जबडा पाठवत आणि ती तो जसाच्या तसा परत पाठवी. एकदा एका दवाखान्याचा माणूस वैतागून म्हणाला, "अहो काकू, काम वरचं आहे, खालचं घेऊन काय करणार तुम्ही?"

"तू कधी कुणाशी भांडलायस का रे?" काकूने विचारलं. "मग? समोर कोण उभा आहे ते बघूनच तोंड उघडतोस ना? दातांचंही तसंच असतं."

तो माणूस गेला आणि संध्याकाळी खालचा जबडा घेऊन आला. काकूचं म्हणणं साधं होतं. दात एकटा काम करत नाही. समोर माणसाचा खरा दात आहे, का कवळीचा प्लास्टिकचा, का दुसरी एखादी कॅप आहे, त्यावर आपला दात कसा वागेल ते ठरतं. नुसता दात चांगला की वाईट, हा प्रश्नच तिला मान्य नव्हता. कुणासमोर चांगला, ते सांगा, म्हणायची.

तिचा हात मात्र बघण्यासारखा होता. धातूच्या पातळ टोपीवर चिनीमातीची ओली भुकटी कुंचल्याने एकेक थर चढवायची. भट्टीत घालायची, काढायची, घासायची, पुन्हा चढवायची. शेवटी वरून काचेसारख्या चकाकीचा एक हात द्यायची आणि परत भट्टी. बाहेर यायचा तो दात पाहून मी, एवढी नावं ठेवणारी, गप्प व्हायचे. खऱ्या दातावर असते तशी बारीक पिवळसर झाक, कडेला किंचित निळसर पारदर्शकपणा. शेजारच्या दातावर डाग असला तर तसाच डागही ती घालायची. देवाची चूक दुरुस्त करायला आपल्याला बोलावलेलं नाही, असं म्हणायची.

तर एका सोमवारी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडून एक खोकं आलं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. वरच्या डावीकडच्या मोठ्या दाढेची जुनी कॅप काढून नवी बसवायची आहे, दोन्ही जबडे पाठवले आहेत. काकूने कागद सोडला, वरचा जबडा दिव्याखाली धरला आणि हसली.

"ही माझीच कॅप गं! हा मागचा बारीक खळगा बघ, असा मीच पाडते. किती जुनी असेल, पंधरा-वीस वर्षं? आणि बघ, केसभरही झिजलेली नाही."

तिचा चेहरा फुलला होता. कोणाचाही फुलेल. आपल्या हातचं काम वीस वर्षांनी असं ताजंतवानं समोर यावं, याहून जास्त काय हवं? मग तिने खालचा जबडा घेतला, वरच्याखाली जुळवला आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

खालची दाढ खोलगट झाली होती. दाढेला वर उंचवटे असतात, ते नव्हतेच. त्यांच्या जागी चमच्यासारखा खड्डा होता आणि वरची कॅप त्या खड्ड्यात अगदी चपखल बसत होती. वरची जितकी नवी, तितकी खालची संपलेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी एवढं कळलं. कोणीतरी रोज, वर्षानुवर्षं, न थांबता तिथे कोरत बसलं असावं असं दिसत होतं ते.

"कुणाचं असेल हे?" मी विचारलं.

 काकूने तो खालचा जबडा पुढून माझ्याकडे वळवला. पुढचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर रेलून उभा होता. तो दात मी रोज जेवताना बघत होते. घरातले सगळेच बघत होते. तो काकांचा होता.

आमचे काका नळाचे मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेले. अबोल आणि भयंकर हट्टी. दोन वर्षांपासून डाव्या बाजूला गार पाणी लागलं की त्यांच्या मस्तकापर्यंत कळ जायची, पण घरात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. अगदी असह्य झालं तेव्हा गुपचूप खाली डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि "हिला सांगू नका, नुसता आकडा टाकून पाठवा" म्हणून त्यांच्यापाशी दातांच्या कण्या केल्या. काकूला आपला जबडा ओळखू येणार नाही असं वाटणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो तीस वर्षं तिच्याशी संसार करत होता!

काकू दोन्ही जबडे पदराखाली घेऊन तशीच खाली गेली. मागोमाग मी. काका तिथेच बाकावर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी वर्तमानपत्र उलटं उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "काकू, खालच्या दाढेचं वरचं कठीण आवरण मधोमध संपलंय. खाली जो मऊ भाग असतो तो उघडा पडलाय, आणि तो तर भराभर झिजतो. नस आता नखाच्या जाडीइतकी लांब आहे. मी तो खड्डा भरून देईन. पण वरची कॅप तशीच राहिली तर ती भरलेलंही खाईल, आणि मग नसही."

"मग?"

"मग दाढ काढावी लागेल. त्या बाजूला मागेपुढे दुसरी दाढ उरलेली नाही. म्हणजे कवळी."

कवळी म्हटल्यावर काकांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. त्यांच्या वडिलांची कवळी पेल्यात पाण्यात बुडवून ठेवलेली असायची आणि लहानपणी त्यांना तिची स्वप्नं पडायची. मरेन पण कवळी लावणार नाही, असं ते कितीदा तरी बोलले होते. पण त्या क्षणी मी काकांकडे बघतच नव्हते. काकूचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या दाताने ह्यांचा दात खाल्ला," ती म्हणाली.

"तुझ्या दाताचं काय आहे त्यात," काका पहिल्यांदा बोलले. "चूक माझी आहे."

मग ते बाहेर आलं. एकोणीस वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंचे वडील, थोरले डॉक्टर, हा दवाखाना चालवत. त्यांनी ती कॅप बसवली तेव्हा ती किंचित उंच लागत होती. त्यांनी तोंडातच चाक फिरवून जरा घासली आणि म्हणाले, आता काढून देतो, बायकोकडून पुन्हा चकाकी चढवून आण. काकूने त्या कॅपवर आठवडा घालवला होता. चार वेळा मोडून पुन्हा केली होती. तिला परत कामाला लावायचं काकांच्या जिवावर आलं. "नको, आता छान बसलीय," असं म्हणून ते उठून घरी आले.

"आणि मग मी रोज त्याच बाजूने चावायचो," काका खाली बघत म्हणाले. "तू केलेली म्हणून."

काकू जिना चढून वर गेली. मी मागे राहिले आणि काकांना दोन शब्द सुनावले. 

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी खालचा खड्डा भरला, वरची जुनी कॅप कापून काढली आणि तिथे प्लास्टिकची तात्पुरती बसवली. ही मऊ आहे, स्वतःच झिजेल, समोरच्याला काही करणार नाही, पण महिन्याच्या वर टिकायची नाही, असं बजावलं. म्हणजे काकूच्या हातात महिना होता. कापलेल्या कॅपचे दोन तुकडे त्यांनी कागदात बांधून दिले. काकूने भिंगाखाली पाहिलं. सगळीकडे चकाकी शाबूत होती, फक्त जिथे थोरल्या डॉक्टरांनी घासलं होतं तिथे एक मळकट ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. तिने तो ठिपका आपल्या नखावरून ओढला. नखावर पांढरी रेघ उठली.

"एवढ्याशाने?" मी म्हटलं.

"एवढ्याशाने. दिवसाला हजार वेळा."

आता प्रश्न होता नवी कॅप कशाची करायची. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, झिर्कोनियाची करा. काकू ऐकून घ्यायला तयार नव्हती. ती वस्तू तिला माहीत होती. पांढऱ्या खडूसारखा ठोकळा दुसऱ्या गावातल्या यंत्रावर कोरून तिथल्याच मोठ्या भट्टीत भाजत, आणि मग ती इतकी कडक व्हायची की घासायला हिऱ्याचं चाक लागायचं. चिनीमाती तिच्यापुढे काहीच नाही.

"चिनीमातीने अर्धी दाढ खाल्ली," काकू दातओठ खात म्हणाली, "आणि तुम्ही मला तिच्याहून कडक वस्तू समोर ठेवायला सांगता?"

"काकू, कडक आहे म्हणून खाते असं नाही. खरखरीत असते म्हणून खाते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आरशासारखी घासलीत तर खाणार नाही. असं वाचलंय मी."

"वाचलंय!" काकू म्हणाली. "ह्यांची एकच दाढ आहे तिथे. वाचलेल्यावर मी ती देणार नाही."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून माझ्या आजीचं शिवणयंत्र खाली आलं. काकूने त्याची सुई काढली. सुईच्या जागी एक खरा दात प्लास्टरमध्ये पक्का करून बसवला. तरुण पोरांच्या अक्कलदाढा जागा नाही म्हणून काढून टाकतात, तशा चांगल्या बिनझिजलेल्या दाढांची एक बाटली डॉक्टरीणबाईंनी दिली होती. खाली पाण्याची वाटी आणि वाटीत तिरपी बसवलेली एक गोल चकती. यंत्राला मोटार लावली की दात वरून यायचा, चकतीवर आपटायचा, उतारावरून किंचित घसरायचा आणि वर जायचा. मिनिटाला किती वेळा ते मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. आमच्या दिवाणखान्यात एक यंत्र चावत बसलं होतं.

चकत्या तीन होत्या. एक चिनीमातीची, चकाकी घासून काढलेली, काकांच्या कॅपसारखी. दुसरी झिर्कोनियाची, चाक फिरवून तशीच सोडलेली. तिसरीही झिर्कोनियाचीच, पण ती काकूने घासली होती. रबराची चाकं, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी हिऱ्याच्या भुकटीचा लेप आणि मऊ ब्रश. पूर्ण एक दुपार गेली त्या एका चकतीवर. तिच्यात मला माझा चेहरा दिसला.

प्रत्येक चकतीला आठवडा. सकाळी मी कामाला निघाले की ती यंत्र लावायची आणि मी आले की बंद करायची. शेजारच्यांनी पहिल्या आठवड्यात चौकशी केली, दुसऱ्या आठवड्यात तक्रार केली, तिसऱ्या आठवड्यात काय होतंय ते बघायला स्वतः येऊन बसू लागले. काका बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. त्यांना तो आवाज सोसवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पहिला दात काढला तो टोकाला सपाट झाला होता. चिनीमातीनेही थोडं सोसलं होतं, पण दाताने कितीतरी जास्त. काकूने मापक लावलं, काट्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दुसरा दातही झिजला होता, ओरबाडल्यासारख्या रेघा पडून. काकू म्हणाली, "बघितलंस? सांगत होते ना मी."

तिसरा दात रविवारी दुपारी काढला. मी घरी होते, डॉक्टरीणबाईही वर आल्या होत्या. काकूने दात पाण्याखाली धुतला, पुसला आणि भिंगाखाली धरला.  मापक लावलं. काढलं. चष्मा पुसला. पुन्हा लावलं. मग भिंग माझ्याकडे सरकवलं.

दात होता तसा होता. उंचवटे जागच्या जागी. जिथे तो चकतीवर टेकत होता तिथे फक्त एक चमक आली होती, वाटाण्याच्या निम्म्याएवढी. बाकी काही नाही. लाखो वेळा आपटून, घासून, काही नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. दुसरी चकती आणि तिसरी चकती एकाच तुकड्यातून कापलेली होती. तीच वस्तू, तेवढीच कडक, एकाच भट्टीतली. एकीने दात ओरबाडून काढला आणि दुसरीने त्याला हात लावला नाही. मधे होती ती फक्त एका बाईची एक दुपार. मी काकूच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या पेरांना पांढरी भुकटी चिकटलेली, अंगठ्याचं नख अर्धं घासलेलं. ते हात मी पंधरा वर्षं बघत होते आणि त्यांना जबड्यांचा वास येतो म्हणून नाक मुरडत होते. मला माझीच लाज वाटली.

"म्हणजे त्या वेळी," काकू हळूच म्हणाली, "मी तेवढंसं घासून दिलं असतं तर..."

"काकू, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी विचारायला हवं होतं. कॅप देऊन टाकली आणि सुटले. तोंडात गेल्यावर तिचं काय झालं ते कधी बघितलंच नाही."

 बाल्कनीत काका खुर्चीतून अर्धे उठून आत बघत होते. काकूने मान वर केली आणि म्हणाली, "अहो, चहा टाका." मग काका आत आले.

झिर्कोनियाची नवी कॅप तिने चार दिवस घासली. बसवायच्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात गेली, सगळी रबरी चाकं पिशवीत भरून. पस्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच रोग्याच्या खुर्चीपाशी उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी निळा कागद चावायला दिला, एका जागी गडद ठिपका उमटला, त्यांनी तेवढंच घासलं. "झालं, आता बरोबर आहे," काका म्हणाले. "गप बसा," काकू म्हणाली. कॅप बाहेर आली आणि पाऊण तास डॉक्टरीणबाईंच्याच टेबलावर तिने तो ठिपका पुन्हा आरसा केला. बाहेर चार रोगी खोळंबले होते. कुणी कुरकुरलं नाही, कारण दार उघडं होतं आणि सगळे बघत होते.

पुढचं वर्षभर घरात त्या दाताचं नाव निघालं नाही. काका गार पाणी पिऊ लागले. काकूचं काम चालू राहिलं, फक्त एक गोष्ट वाढली. प्रत्येक खोक्यात ती आता एक चिठ्ठी घालायची: तोंडात घासावी लागली तर माझ्याकडे परत पाठवा. पैसे नकोत.

वर्ष भरलं त्या दिवशी सकाळी तिने काकांना खुर्चीत बसवलं, दोन्ही जबड्यांचे साचे घेतले आणि प्लास्टर ओतलं. दुपारी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर खालचे दोन जबडे शेजारी शेजारी होते, खड्डा भरल्यानंतरचा आणि आजचा. तिने आधी एकाला मापक लावलं, मग दुसऱ्याला. पाच ठिकाणी मापलं. मग मापक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू बघ. मला तसं हवंय म्हणून दिसत असेल."

मी बघितलं. पाचही ठिकाणी दोन्ही जबड्यांवर काटा त्याच रेघेवर येत होता. "तेवढंच आहे, काकू," मी म्हटलं. "जसंच्या तसं आहे."

ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले. स्वयंपाकघरात काका जेवायला बसले होते. त्यांनी गाजर खाल्ल्याचा कडाकड आवाज येत होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गेलं वर्षभर काका जेवायला बसले की काकू कामाच्या खोलीत निघून जायची. काहीतरी भट्टीत आहे म्हणायची, दार लोटून घ्यायची आणि त्यांचं झाल्यावर एकटी जेवायची. मी रोज बघत होते आणि मला एकदाही कळलं नव्हतं की तिला ते चावणं ऐकवत नव्हतं.

ती उठली. हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि काकांच्या शेजारची खुर्ची ओढली. काकांचा घास हातातच राहिला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाली. "खा तुम्ही. डावीकडून खा."